पाठ लागू न देणारा माणूस

पैलवान दुसऱ्यांदा पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. आधी स्टूल सरकल्याचा खरखराट आला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ओले पोते टाकावे तसा जड, बोथट आवाज. बाहेरच्या खोलीत गेले तर स्टूल आडवे, भिंतीवरचे घड्याळ खाली, आणि माझा नवरा फरशीवर पालथा. भार दोन्ही कोपरांवर, मान ताठ उचललेली, ओठातून रक्त. मुठीत घड्याळाचा नवा सेल तसाच धरलेला.

"अहो, लागलं का?"

"न्हाई." त्यांनी जिभेने एकेक दात चाचपून पाहिला. मग, शाबासकीची वाट पाहावी तशा आवाजात म्हणाले, "पाठ न्हाई लागू दिली."

सारी पेठ त्यांना पैलवान म्हणते. शिवाजी पेठेत एकदा पैलवान झालेला माणूस पुढे एस.टी.च्या आगारात नोकरी करो, निवृत्त होवो, चौऱ्याहत्तर वर्षांचा होवो, पैलवानच राहतो. लग्न होऊन आले तेव्हा मीही तेच नाव उचलले. पुढे मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवू लागले, विद्यार्थी बाई म्हणू लागले, तेव्हा त्यांनीही थट्टेने मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली आणि त्या हाकेबरोबर 'तुम्ही'ही आले. थट्टा जुनी झाली, हाक राहिली.

पहिल्यांदा ते पडले होते दूध कट्ट्यावर. सकाळी तिथे म्हशी येऊन उभ्या राहतात, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला हातात देतात. पेला रिकामा करून वळताना ओल्या दगडावरून त्यांचा पाय सरकला. माणूस सरळ मागे चालला होता. पण हवेतल्या हवेत त्यांनी गिरकी घेतली आणि ते पालथे आदळले. हनुवटी फाटली, उजवे मनगट मोडले. रिक्षातून घरी घेऊन आलेली माणसे मला वार्ता सांगत होती ती मिरवणुकीतून आल्यासारखी.

"वैनी, काय सांगायचं तुम्हाला! ह्या वयात! पाठ न्हाई लागू दिली गड्यानं!"

रक्ताने भरलेला टॉवेल मी गार पाण्यात घातला. खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही थोडा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या खेपेला दोन दात हलले, डाव्या कोपराच्या हाडाला केसाएवढी चीर गेली. हाडांचे डॉक्टर तरुण होते, मूळचे विदर्भाकडचे. दोन्ही वेळचे फोटो उजेडावर लावून ते बराच वेळ पाहत राहिले. "काका, दोन्ही वेळा तुम्ही मागे पडताय, आणि मार मात्र पुढून बसलाय. हे कसं?"

पैलवानांनी एका हाताने त्यांना कुस्ती समजावून सांगितली. समोरच्याने उचलून टाकले तर काय करायचे? जमिनीला पोचण्याआधी वळायचे. छाती टेकू दे, तोंड घासू दे, नाक फुटू दे. जोवर पाठ मातीला लागत नाही तोवर कुस्ती चालू आहे. हे डोक्याला आठवावे लागत नाही, अंगालाच ठाऊक असते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "काका, पाठीला मांस आहे, कुल्ल्याला मांस आहे. तोंडाला नाही. तुम्ही नुसते बसल्यासारखे पडला असतात तर दोन दिवस ठणकलं असतं, एवढंच. आता हाडं ठिसूळ झालीत. पुढच्या वेळी ही गिरकी खुब्यावर येईल, नाहीतर मानेवर." हे ते पैलवानांना सांगत होते, पण पाहत माझ्याकडे होते.

त्या दिवसापासून माझा एक कान सतत त्यांच्या पावलांवर राहू लागला. चपलेचा घासता आवाज, मोरीचा नळ, कडी. मी पायपुसणी उचलली, स्टूल माळ्यावर टाकले, मोरीत खरखरीत फरशी बसवून घेतली. ते आंघोळीला गेले की बाहेर उभी राहून पाण्याचा तांब्या अंगावर पडल्याचा आवाज ऐकत राही. तांब्याला उशीर झाला की मी कडी वाजवी. भूक तर मेलीच होती. ताटात वाढलेले मी मुकाट्याने परत पातेल्यात सारत असे.

"बाई," एकदा ते दार उघडून ओल्या अंगानेच म्हणाले, "पोलिसावानी मागं फिरू नगा. पळून न्हाई जात मी."

आमच्या मागच्या खिडकीखाली तालीम आहे. चाळीसहून अधिक वर्षे मी ती कानाने आणि नाकाने ओळखत होते. कुस्तीच्या हौद्यातली माती खोऱ्याने उकरताना येणारा दमट सपसपाट, जोर मारताना निघणारे हुंकार, आणि ताक, हळद, लिंबू, तेल मुरलेल्या त्या लाल मातीचा वास. आंबट आणि ऊबदार, नुकत्याच निजून उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखा. आत पाऊल मात्र मी कधी टाकले नव्हते. आमच्या वेळी बायकांनी हौद्याकडे जायचे नसे. आता तिथे संध्याकाळी मुली लाठी शिकतात आणि त्यांना शिकवणारीही बाईच आहे. चाळिशीची, सडपातळ, मर्दानी खेळाच्या घरात वाढलेली. वडिलांनी तिला हातात लाठी दिली तेव्हा ती लाठीहून लहान होती म्हणे. लहान-मोठे सगळे तिला ताई म्हणतात.

नातवंडांना सोडायला येणारी म्हातारी माणसे पायरीवर बसून राहतात हे ताईच्या नजरेत आले आणि एक दिवस तिने त्यांच्याही हातात काठ्या दिल्या. त्यातून साठीच्या पुढच्यांचा सकाळचा वर्ग सुरू झाला. डॉक्टरांकडून आलो त्याच आठवड्यात मी नाव घातले. पैलवानांना कसेही करून तिथे न्यायचे एवढा एकच हेतू माझ्या मनात होता, पण तो मी कोणाला सांगितला नाही. गुडघे दुखतात, असे सांगितले. तेही खोटे नव्हते.

ताईने आमच्यासाठी सगळा खेळ सोडवून पुन्हा बांधला होता. एरवी लाठी कानाएवढी उंच असते. आमच्या लाठ्या तिने छातीपर्यंत कापल्या आणि टोकांना सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले, म्हणजे घरी जाताना टेकायला त्याच कामी याव्यात. हौद्यात उतरण्याआधी वाकून माती कपाळाला लावायची रीत. ज्यांना वाकवत नाही त्यांच्यासाठी तिने एका परातीत माती काढून कठड्यावर ठेवली. पवित्रा म्हणजे पाऊल टाकण्याची पद्धत. मुली तो उड्या घेत करतात. तिने आमच्या पवित्र्यातून उडी काढून टाकली. "पाय उचलू नगा. मातीला इचारत इचारत फुडं सरकवा," ती म्हणायची. खांदा वर जात नाही म्हणून लाठी डोक्यावरून फिरवण्याऐवजी कमरेसमोर फिरवायची. ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी खुर्चीत बसून.

आमच्यात तेलाचे दुकान चालवणाऱ्या एक लिंगायत अक्का होत्या, सीमेकडच्या, तोंडाने फटकळ. खुर्चीवर बसवल्यावर त्या म्हणाल्या, "अय्यो, बसून लढाई? मग नवीन काय शिकवलंस? दुकानात रोज तेच करतो की मी."

पहिल्यांदा माझ्या हातून लाठी एक पूर्ण फेरा फिरली तेव्हा तिने हवेत एक बारीक घुमारा सोडला, भुंगा बंद फुलात अडकावा तसा. तो घुमारा माझ्या मनगटातून दंडापर्यंत चढला. इतकी वर्षे मी वर्गात लय लय म्हणून शिकवत आले. ती हाडालाही ऐकू येते हे मला सहासष्टाव्या वर्षी कळले.

पैलवान रोज मला सोडायला येत. डावा हात गळ्यात अडकवलेला, हौद्याच्या कठड्यावर टेकून बसायचे आणि आमच्यावर शेरे मारायचे. "अक्का, लाठी हाय ती, लाटणं न्हाई." किंवा माझ्याकडे बघून, "बाई, यमक जुळलं, पर पाय चुकला." त्यांची कोपराची झोळी निघेपर्यंत ताईने त्यांना काही म्हटले नाही. निघाल्यावर मात्र एका सकाळी तिने आम्हा सगळ्यांच्या लाठ्या भिंतीला लावून ठेवायला सांगितल्या.

"आता पडायला शिकायचं," ती म्हणाली.

त्या शब्दाची आम्हा सगळ्यांनाच भीती होती. आमच्या वयात कोणी पडले असे कळले की आपण फक्त 'कुठे?' विचारत नाही, 'उठले का?' असेही विचारतो.

तिने हौद्याचा एक कोपरा मऊसूत उकरून ठेवला होता. आधी नुसते निजायचे. मग बसून मागे लवंडायचे. मग उकिडवे बसून, आणि अगदी शेवटी उभे राहून. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मागे टेकायचा नाही, तळवा बाजूला मातीवर सपकन मारायचा आणि श्वास सोडून द्यायचा. "काका, तुम्ही आधी या," ती पैलवानांना म्हणाली. "तुमची तर माती ओळखीची हाय."

ते उठले. चपला कठड्याबाहेर सोडल्या, वाकले, चिमूटभर माती कपाळाला लावली. पाय मातीत घोट्यापर्यंत रुतले तसा त्यांचा चेहरा सैल झाला, आणि लग्नाआधीचा, मी कधी न पाहिलेला तरुण मला क्षणभर दिसून गेला.

"बसा. आता सावकाश मागं व्हा. टेका पाठ."

ते मागे झाले आणि मातीला खांदा लागतो न लागतो तोच सुर्रकन वळून पालथे झाले. पुन्हा केले. पुन्हा पालथे. तिसऱ्यांदा ताईने खांद्याला हात लावून आधार दिला, तर ते तिच्या हाताखालून मासळीसारखे निसटले. त्यांनाही कळत नव्हते. घरी गादीवर हाच माणूस उताणा पडून घोरतो. मातीवर मात्र त्यांची पाठ त्यांचे ऐकत नव्हती.

"पैलवान," अक्का खुर्चीतून म्हणाल्या, "चीत करायला कोण बसलंय हितं? नुसती माती हाय की."

"मातीच चीत करती, अक्का," ते म्हणाले. ते हसत नव्हते. पालथे राहूनच तळव्याने माती सारखी करत राहिले. मग उठले, अंग न झटकता चपला घातल्या. "पडायला शिकवत्यात व्हय? आमी जलमभर न पडायला शिकलो. आता ह्या वयात उलटं कसं व्हायचं?"

ताईने त्यांना थांबवले नाही. त्या दिवशी मी लाठी टेकत एकटी घरी आले. ते खिडकीत बसले होते, तालमीकडे पाठ करून.

पुढचे आठ-दहा दिवस ते आले नाहीत. घरात आम्ही भाजीबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल बोलत होतो. एकदा मी डॉक्टरांचे वाक्य काढले, तर ते फक्त एवढेच म्हणाले, "मला समजत न्हाई व्हय, बाई? अंगाला कोण सांगणार?" आयुष्यभर शब्दांचा व्यवहार केलेल्या बाईला जवळच्या माणसाच्या पाठीला सांगायला एक शब्द सापडू नये, याची मला लाज वाटली.

शेवटी त्यांना परत आणले ते मागच्या खिडकीने. सकाळी वर्गाचा आवाज येई, ताईची मोजणी, आमच्या तळव्यांचे मातीवरचे सपके. जन्मभर कुस्ती केलेल्या माणसाला ते ऐकत घरी बसवेना. एका सकाळी वर्ग निम्मा झाला असताना ते येऊन कठड्यावर बसले. अक्कांनी तोंड उघडले होते, पण ताईने पाहिल्यावर मिटले.

त्या दिवशी माझी उकिडवे बसून पडण्याची पाळी होती आणि मला काही केल्या जमत नव्हते. मागे जाताना दर वेळी माझा हात आपोआप मागे जाई. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून हात चाचपायला जातो. ताई सांगत होती, मी मान डोलावत होते आणि पुन्हा तेच करत होते. चौथ्यांदा मनगटातून कळ आली आणि मी ओरडले.

"हात! हात कशाला टेकताय, बाई?" कठड्यावरून आरोळी आली. तालीम दणाणली. "मनगाट जाईल! हनुवटी छातीला लावा आधी. बेंबीकडं बघा. हात बाजूला, तळवा सपाट! पोरास्नी शंभरदा सांगायचो आमी, तरी निम्मी पोरं मनगाट मोडून घ्यायची."

ताई सावकाश वळली. "काका, कुठल्या पोरांना?"

"तालमीतल्या. नवीन पोरं आली की त्यांना डाव शिकवायला कोणतरी अंग द्यायला लागतं."

"अंग द्यायचं म्हंजे?"

"म्हंजे खाली जायचं. पोरगं डाव टाकतंय, त्याला जमलं पायजे, म्हणून आपण जायचं. आपण आडून बसलो तर ते शिकणार कसं? मी धा वर्सं अंग दिलं. दिवसाला पन्नास पन्नास डाव."

"आणि पाठ?" ताईने विचारले.

"ती लढत नव्हं," ते म्हणाले. "ते शिकवणं हाय. शिकवताना पाठ मोजत न्हाईत."

पवित्र्यात वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा बाहेरून काहीच हललेले दिसत नाही. ताईचा चेहरा तसा झाला. ती फक्त म्हणाली, "मग द्या की अंग. बाईंना दाखवा. मी एकटी शिकवू का पडून दाखवू? दोन्ही व्हईना मला."

ते उतरले. माती कपाळाला लावली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि वस्तादाच्या आवाजात मला हुकूम सोडू लागले. हा हात इथे माझ्या खांद्यावर. हा पाय माझ्या टाचेमागे. ह्याला टांग म्हणतात. आता ढकला.

मला ढकलवेना. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यांच्या अंगावर असा भार टाकायचा प्रसंग कधी आला नव्हता. बनियनखाली त्यांचे हाड माझ्या तळव्याला लागत होते. कधीकाळी तिथे हाड लागत नसे. त्यांच्या अंगाला हौद्यातल्या मातीचाच वास येत होता, आंबूस, उन्हाळलेला.

"ढकला की, बाई. भाकरी थापताना जेवढा जोर लावतासा तेवढा लावा."

मी डोळे मिटले आणि ढकलले. हाताखालचे वजन निघून गेले. सपकन आवाज झाला, मातीचा एक ऊबदार फवारा माझ्या पायांवर आला. डोळे उघडले तर पैलवान हौद्यात उताणे पडले होते. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळवा बाजूला सपाट. आणि तसेच पडल्या पडल्या मला समजावत होते, "बघितलंत? श्वास कुठं सोडला, कळलं? पडल्यावर न्हाई. पडताना."

ओळीत जिथे श्वास थांबतो त्या जागेला यती म्हणतात. मुलांना ती दाखवताना मी फळ्यावर उभी रेघ मारत असे. आता ती रेघ माझ्या नवऱ्याच्या छातीत होती आणि मला अगदी नेमकी दिसली. त्यांची पाठ मातीला लागली आहे हे सगळ्यांना दिसत होते, फक्त त्यांच्या लक्षात आले नव्हते.

"आता तुमची पाळी," ते उठत म्हणाले. आणि मी पडले. हात मागे गेला नाही.

त्यानंतर रोज सकाळी पैलवान अंग देऊ लागले. ताईने मोजून ठरवून दिले होते, प्रत्येकाला एकदाच, मधे बसून दम घ्यायचा, आणि गुडघा कुरकुरला की त्या दिवशी सुट्टी. ते तिच्यावर चिडायचे आणि ऐकायचे. अक्कांनी त्यांना खुर्चीतून लाठीच्या टोकाने ढोसून पाडायचे ठरवले. "जन्मात एक पैलवान पाडला म्हणून सांगीन गावाकडं," त्या म्हणाल्या. "सांगा," हे मातीतून म्हणाले, "पर खुर्चीचं बी सांगा."

माझी भीती तरीही गेली नव्हती. शिकवताना पाठ मोजत नाहीत, हे त्यांचेच शब्द होते. खरोखरचा पाय घसरेल, शिकायला समोर कोणी नसेल, तेव्हा त्यांचे अंग काय करील? दहा वर्षे दिलेले अंग वर येईल की त्याआधीची हट्टी पाठ? ताईला मी हे विचारले. तिने लाठीचे रबर पुन्हा घट्ट गुंडाळत विचार केला. "ते मला न्हाई सांगता यायचं, बाई," ती म्हणाली. "आपण नुसती वाट मळवायची. पाय कुठल्या वाटेनं जाईल ते त्या टायमाला कळतं."

तो टाइम आला मलकापूरच्या पुढे, शाहूवाडीतल्या एका गावात. पैलवानांच्या आतेभावाच्या नातीचे बारसे होते. भाताची मळणी नुकती संपली होती. हवेत पिंजाराचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, गोडसर, कोरडा वास होता आणि जो तो शिंकत होता. पाळण्याचे गाणे संपले होते, मी हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन पायरीवर उभी होते. पैलवान खळ्यात, चार माणसांत, कुस्तीच्या कुठल्याशा जुन्या मैदानाची गोष्ट रंगवून सांगत होते. खळे म्हणजे शेणाने सारवलेली, चोपून दगडासारखी केलेली जमीन. पिंजाराने भरलेली एक ट्रॉली वळत आत आली. कोणीतरी "सरा, सरा!" म्हणून ओरडले, आणि ते तिच्याकडे बघतच मागे सरले. मागे उखळ होते.

टाच उखळाला लागलेली मी पाहिली. दोन्ही हात वर गेलेले पाहिले. उजवा खांदा वळायला लागला. ती गिरकी मला ओळखता येत होती, ती सुरू झाली होती. आणि मग, कोणीतरी आतून हाक मारावी तशी, ती अर्ध्यातच सुटली. हनुवटी खाली आली. पाठ वळली. तळवा जमिनीवर सपाट आपटला. पैलवान खळ्यात उताणे पडले होते, अंगावर ट्रॉलीतून गळालेल्या चार काड्या, आणि डोळे सताड उघडे, आभाळाकडे.

घुगऱ्या कधी सांडल्या मला माहीत नाही. मी पोचले तोवर माणसे जमली होती. "पावणं, उठू नगा! पडून ऱ्हावा! पाणी आना रं!" मी खाली बसून त्यांचे मनगट दाबले. कोपर. खुबा. मान. "इथं? इथं दुखतं?" त्यांनी माझी बोटे हातात धरली.

"कुटंच न्हाई," ते म्हणाले. आणि मग आश्चर्याने, हळू, "बाई, कुटंच न्हाई."

आतेभाऊ गर्दीतून वाट काढत आला. तोही एकेकाळचा पैलवान, ह्यांचा जोडीदार. हे धडधाकट आहेत एवढे पाहिले आणि त्याने कमरेवर हात ठेवून आरोळी दिली, "आरं, पैलवान चीत! पाठ लागली की रं! सगळ्या गावानं बघितली!"

सगळे हसले. मी पैलवानांच्या तोंडाकडे पाहत होते. ह्याच वाक्यापासून वाचण्यासाठी त्यांनी दोन दात हलवून घेतले होते, मनगट मोडून घेतले होते.

"लागली की," ते म्हणाले. "चांगली टेकवून लागली. सा म्हयनं घासलोय तिच्यासाठी. तू पडून दाखव बरं असा!"

आतेभावाने त्यांना हात दिला. ते आधी कुशीवर झाले, मग गुडघ्यावर, मग ताईने शिकवल्याप्रमाणे एक पाय पुढे घेऊन उभे राहिले. कोणालाही ओढावे लागले नाही. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन्ही खांद्यांच्या मधोमध शेणमातीचा रुंद, हिरवट-तांबूस डाग उमटला होता. कुस्तीच्या मैदानात निकालावरून भांडण झाले की माणसे आधी पाठ पाहतात. माती दिसली की भांडण मिटते. हे मला त्यांनीच कधीतरी सांगितले होते. मी पदराने तो डाग झटकायला गेले.

"राहू द्या," ते म्हणाले.

पंगतीची हाक आली होती. ते माझ्या पुढून, साऱ्या पाहुण्यांमधून, पाठ सगळ्यांना दिसेल असे सावकाश चालत मांडवात गेले आणि आतेभावाशेजारी पानावर बसले. मी त्या उखळावरच थोडी टेकले. आणि तिथेच, कित्येक महिन्यांनी, मला भूक लागली. खरीखुरी, पोटात खड्डा पडल्यासारखी. नव्या तांदळाच्या भाताची वाफ मांडवातून येत होती. मी उठले आणि बायकांच्या पंगतीत जागा शोधू लागले.